शीग काढून मोजलेला पाव : पाचवीच्या अपूर्णांकांच्या नोंदी

शाळा दोन शिक्षकांची, सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातली. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत, माझ्याकडे. या नोंदी रोजच्या टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीच्या, मागच्या पानांवर लिहिल्या होत्या, त्या थोड्या साफसूफ करून इथे दिल्या आहेत. मुलांची नावं गाळली आहेत, ज्याची जी खूण तेच त्याचं नाव.

२८ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

दिवाळीनंतर शाळा भरली. पाचवीत अकरा मुलं. अपूर्णांक सुट्टीआधीच 'झाले' आहेत. म्हणजे मी फळ्यावर उदाहरणं सोडवली, मुलांनी ती उतरवून घेतली, सत्र परीक्षेत गुणही बरे पडले. यंदापासून पुस्तक चार भागांत आलंय आणि त्यात टिपणांसाठी कोरी पानं आहेत, तीही सगळ्यांची भरलेली. आज काही न सांगता चार प्रश्न दिले.

१/३ + १/४ किती? सात जणांचं उत्तर २/७.

१/४ मोठा की १/८? सहा जण म्हणाले १/८, कारण आठ मोठे.

एका भाकरीची पाऊण भाकरी रंगवा. हे सगळ्यांना आलं.

चौथा प्रश्न जुना आहे. १२/१३ + ७/८ चं उत्तर अंदाजे किती : १, २, १९ की २१? अमेरिकेत १९७८ साली तेरा वर्षांच्या मुलांना हा विचारला होता आणि जेमतेम २४ टक्क्यांना २ हे उत्तर देता आलं होतं. बाकीच्यांतली बरीच १९ किंवा २१ कडे गेली. आमच्यातही तेच झालं. एकाने २१ लिहिलं, का विचारलं तर म्हणाला, "तेरा न् आठ एकवीस." त्याच्या तोंडावर जराही शंका नव्हती. एकाहून लहान अशा दोन गोष्टी एकत्र केल्या की एकवीस होतात, यात त्याला काही खटकलं नाही, कारण त्याच्या लेखी त्या गोष्टीच नव्हत्या. ते चार आकडे होते.

म्हणजे दिवाळीआधीचे बरे गुण कशाचे होते, हा प्रश्न मलाच पडला.

२९ नोव्हेंबर, बुधवार

कालच्या पहिल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर, ७/१२, फक्त चौघांचं. त्यातली एक गाइडवाली. तिचा भाऊ हायस्कूलला आहे, त्याने तिला तिरकस गुणाकार शिकवलाय : वरचा-खालचा तिरपा गुणायचा, मिळवायचा, खाली छेदांचा गुणाकार. हात इतका चपळ की पेन्सिल दिसत नाही.

तिला १/२ + १/४ दिलं. लगेच ६/८.

"हे अर्ध्याहून जास्त की कमी?"

"बाई, ते काढा असं म्हटलं नव्हतं."

"आता काढ."

तिने ६/८ आणि १/२ पुन्हा तिरके गुणले. बारा, आठ. "जास्त." अर्ध्यात पाव मिळवला की अर्ध्याहून जास्त होणारच, हे तिला गुणाकाराने सिद्ध करावं लागलं. आणि ६/८ म्हणजे पाऊण, हे तर आलंच नाही. हीच मुलगी दुकानात "अर्धा किलो न् पाव किलो, पाऊण किलो झालं" असं बोलते, मी ऐकलंय.

दुकानातली पाऊण आणि वहीतला ६/८ यांची कधी गाठच पडलेली नाही. प्रकल्प घ्यायचा तर हाच घ्यावा असं ठरवलं. वेळ : मंगळवार-शुक्रवारचे दोन तास, चौथीला लेखनाला बसवून.

१ डिसेंबर, शुक्रवार

कागदाच्या घड्या. चौकोनी कागद, दोन घड्या, चार भाग, तीन रंगवा. अर्धा तास सगळे खूश, मीही खूश. मग व्हरांड्यात नेलं. आमच्या फरशीवर शून्य ते वीस अशी संख्यारेषा रंगवलेली आहे. २०१५ च्या सुमारास 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हाची. त्या काळात आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे. मीही गेले होते आणि आल्यावर पहिलं काम काय केलं, तर रंगाचे डबे आणले.

"पाऊण कुठं उभं राहायचं?" म्हटलं.

तिघं-चौघं जाऊन उभी राहिली, तीन आणि चारच्या मध्ये.

३/४, म्हणजे तीन आणि चार यांच्यामधलं काहीतरी. कागदावर पाऊण बरोबर रंगवणारी हीच मुलं. चित्र काढता येणं आणि कळणं यांत इतकं अंतर असेल असं वाटलं नव्हतं. घोकंपट्टीला नावं ठेवताना आपण कृती, घड्या, रंगीत तुकडे यांना फार सहज पास करतो. घडी घालणंही पाठ होतं. कागद दोनदा दुमडायचा आणि तीन खण रंगवायचे, हीही एक रीतच झाली, तिरकस गुणाकारासारखी. फरक इतकाच की ती रंगीत आहे.

भाकरीच्या चित्रात आणखी एक खोट आहे, ती आज पहिल्यांदा दिसली. तिथे पाऊण म्हणजे 'तीन तुकडे' असतात. ती एक संख्या आहे, एकाच्या जरा अलीकडे तिची जागा आहे, हे भाकरी सांगतच नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

"तीन छेद चार यातला छेद म्हणजे काय?" उत्तरं : खालचा आकडा. रेघ. भोक. मेंढरंवाला म्हणाला, "कापायचं असंल."

तो जवळ आला होता. पण रोज दहादा 'छेद' म्हणणाऱ्या वर्गाला तो शब्द नुसता आवाज आहे. म्हणून एक आठवडा 'छेद' शब्दावर बंदी घातली. मग ३/४ ला काय म्हणायचं? पाऊण. १/४? पाव. ५/४? थोडा वेळ शांतता, मग दुकानवाली : "सव्वा." ६/४? "दीड!" हे तिघांनी एकदम सांगितलं. ७/४ ला पावणेदोन यायला वेळ लागला, पण आलं. मी काहीच शिकवलं नाही. हे सगळं त्यांच्या तोंडात आधीपासून होतं, फक्त गणिताच्या तासाला ते बाहेर ठेवून यायचं असतं अशी त्यांची समजूत होती. ही समजूत करून दिली कुणी, ते लिहायला नको.

अडचण पावाच्या पलीकडे गेल्यावर येते. तिसऱ्या भागाला, पाचव्या भागाला आपल्याकडे असे सुटसुटीत शब्द नाहीत. पण वाटणीची भाषा आहे. एकीच्या घरी नुकत्याच वाटण्या झाल्यात, ती म्हणाली, "आमचा तिसरा हिस्सा." बस्स, तेच घेतलं. २/३ म्हणजे 'तिसरे हिस्से दोन'. ४/५ म्हणजे 'पाचवे हिस्से चार'. 'पाव तीन' तसं. खालचा आकडा हे हिश्श्याचं नाव, वरचा आकडा म्हणजे ते किती.

फळ्यावर लिहिलं : एक शेर आणि एक पायली, मिळून दोन काय? मुलं हसली. खाली लिहिलं : एक तिसरा हिस्सा आणि एक चौथा हिस्सा, मिळून दोन काय? हसू थांबलं. उत्तर मिळालं नाही, पण २/७ म्हणायला कुणी धजावलं नाही. तास तिथेच सोडला.

८ डिसेंबर, शुक्रवार

आज अपूर्णांक लिहिलेच नाहीत. नुसतं बोलणं. सव्वाशे किती? १२५. दीडशे? १५०. पावणेदोनशे? १७५. सव्वा हजार? १२५०. पाऊण लाख? यावर भांडण, शेवटी ७५,०००.

मग विचारलं, पावणेदोनशेमधला 'पाव' कितीचा? पंचवीसचा. पावणेदोन हजारमधला? अडीचशेचा. पावणेपाच वाजले त्यातला? पंधरा मिनिटांचा. पाव किलोतला? अडीचशे ग्रॅमचा.

"मग पाव म्हंजी नक्की किती ओ बाई?" मेंढरंवाल्याने वैतागून विचारलं.

मी फळ्याकडे पाहत राहिले, कारण याचं उत्तर मी दिलं असतं तर वाया गेलं असतं. खिडकीजवळचा मुलगा सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "कशाचा पाव, ते सांगाय लागतंय आधी."

हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. पुसायचं नाही.

आपल्या भाषेत हे किती ठासून भरलंय याचा मी डी.एड.ला असताना कधी विचार केला नव्हता. तिथे 'पूर्ण बदलला की अपूर्णांकाची किंमत बदलते' असं वाक्य होतं. परीक्षेत लिहिलंही होतं मी ते.

१२ डिसेंबर, मंगळवार

खिडकीजवळच्याचे आबा शाळेत आले. चौथीपर्यंत शिकलेले. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा ते लहान होते, शाळेत सोळा आण्यांचा रुपया शिकले आणि बाजारात शंभर पैशांचा वापरला. त्यांनी घरातली जुनी मापं पिशवीत घालून आणली : शेर, मापटं, चिपटं, कोळवं. निळवं कुठेतरी हरवलंय म्हणाले.

फळ्यावर त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली. प्रत्येक पायरी निम्म्याची. म्हणजे शेर एक धरला तर मापटं अर्धा, चिपटं पाव, कोळवं आठवा हिस्सा, निळवं सोळावा. गावागणिक यात फरक असायचा, पण आमच्याकडे असं.

ज्वारी ओतून मापायला बसलो. किती चिपट्यांनी शेर भरतो? चार यायला हवीत. पहिल्या गटाला आली साडेतीनहून कमी. दुसऱ्याला साडेचार. गाइडवाली म्हणाली, मापं खोटी आहेत. आबा गालात हसत होते. त्यांनी चिपटं घेतलं, ज्वारीत बुडवून वर काढलं, वर दाण्यांची शीग उभी. "ह्ये एक चिपटं." मग हाताने शीग उतरवून सपाट केलं. "ह्ये बी एक चिपटं. घेताना कुठलं न् देताना कुठलं, त्यावर सावकाराची माडी झाली."

पहिल्या गटाने चिपटी शिगोशीग भरली होती आणि शेर सपाट. दुसऱ्याने उलट. शीग काढून मोजल्यावर दोघांचीही चार भरली. 'समान भाग' या शब्दाला मी आजवर इतकं वजन दिलं नव्हतं. पुस्तकात तो असतोच, व्याख्येत, मुलं म्हणतातही. आज तो ज्वारीचे दाणे हाताने खाली ढकलताना कळला.

त्यानंतर १/८ मोठा म्हणणाऱ्या सहाही जणांना कोळवं आणि चिपटं शेजारी ठेवून दाखवावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच वहीत खाडाखोड केली.

जाताना आबांनी मुलांच्या आग्रहावरून पावकी, म्हणजे पावाचा पाढा, म्हणून दाखवली, मग निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. एका दमात, डोळे मिटून. हे सगळं घोकलेलं. आणि तरीही त्यांना कुठलाही हिशेब अडत नाही. हे माझ्या मांडणीत कुठे बसवायचं ते आज कळलेलं नाही. आत्ता इतकंच वाटतं की त्यांच्या पाढ्यामागे ज्वारी होती. पाठ केलं सकाळी, आणि संध्याकाळी खळ्यावर तेच मापलं. आमच्या मुलांना पाढा आहे, खळं नाही.

१३ डिसेंबर, बुधवार

केंद्रप्रमुख येऊन गेले. खोलीत कोपऱ्यात ज्वारी सांडलेली, त्यावर दोन चिमण्या. काय चाललंय विचारलं, सांगितलं. ऐकून घेतलं. 'अध्ययन निष्पत्ती क्रमांक लिहा टाचणात' म्हणाले. लिहिला.

मेंढरंवाल्याचं कुटुंब मेंढरं घेऊन निघालं. तोही गेला. आता दहा.

१९ डिसेंबर, मंगळवार

चौकटींची वही. चौकटींच्या पट्ट्या कापायच्या, लांबी ज्याची त्याने ठरवायची. अट एकच : त्या पट्टीचा तिसरा हिस्साही अख्ख्या चौकटींत यायला हवा आणि चौथाही. मग दोन्ही रंगवून जोडायचे.

दहा चौकटी घेणारे जास्त. तिसरा हिस्सा करताना अडले, चौकट फाडावी लागली. आठ घेतले, चौथा आला, तिसरा नाही. नऊ घेतले, उलटं. ज्याने परवा २/७ लिहिलं होतं त्याने सात चौकटींची पट्टी घेतली. मी काही बोलले नाही. त्याने वळवून, दुमडून, मोजून पाहिलं. तिसरा येत नाही, चौथा येत नाही. "बाई, सातात तर दोन्ही बसत न्हाईत!" असं ओरडला. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत २/७ चा इतका चांगला निकाल कुणी लावला नव्हता. मी तरी नाहीच.

बारा पहिल्यांदा दुकानवालीला सापडले. डझन म्हणून घेतले म्हणाली. तिसरा हिस्सा चार चौकटी, चौथा तीन, मिळून सात. बारावे हिस्से सात. लगेच दुसऱ्या गटाने चोवीस घेतले : आठ आणि सहा, चौदा. १४/२४. दोन उत्तरं कशी? पट्ट्या शेजारी ठेवल्या, मग कळलं की पट्टी दुप्पट झालीय, रंगवलेल्या चौकटीही दुप्पट झाल्यात, हिस्सा तोच.

'समच्छेद करणे' हा शब्द आज परत आणला. बंदी उठवली. आता त्यामागे काहीतरी उभं आहे.

आणि एक. तासाच्या शेवटी खिडकीजवळचा म्हणाला, पट्टी न करताही २/७ खोटं आहे हे दिसतंय. कसं? "सहावे हिस्से दोन म्हंजी तिसरा हिस्सा. सातवा हिस्सा सहाव्याहून बारका. मग सातवे दोन तिसऱ्याहून कमीच. तिसऱ्यात मिळवलं न् कमी झालं?" मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं, मला नीट लागावं म्हणून.

२० डिसेंबर, बुधवार

कालचा आनंद एक दिवस टिकला. सकाळी परिपाठ संपल्यावर खिडकीजवळचा सत्राचा पेपर घेऊन आला. "बाई, पण तुमी तसंच मिळवलंय की."

पेपरावर माझ्याच लाल पेनाने : पहिल्या प्रश्नाला ३/५. दुसऱ्याला ४/१०. खाली बेरीज ७/१५. वरचे वर मिळवले, खालचे खाली.

"तुमच्या पट्टीनं तर ३/५ म्हंजी ६/१०. त्यात ४/१०. धा झाले. मला पैकीच्या पैकी."

वर्ग फुटला हसून. मीही हसले, पण घाम आला होता. पहिलीपासून हे मूल दर आठवड्याला माझ्यासारख्या कुणाच्या तरी लाल अक्षरात हीच बेरीज पाहत आलंय, बरोबरची खूण करून दिलेली. आणि मी २/७ ला 'निष्काळजीपणा' असा शेरा देत आले. ते निष्काळजी नव्हते. ते आमच्याकडूनच शिकले होते.

उद्या सांगते म्हटलं. रात्री बराच वेळ यावर घालवला.

२१ डिसेंबर, गुरुवार

माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण आधी वर्गाला विचारलं. फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्य कुणाच्या तरी नजरेस पडलं : कशाचा पाव, ते सांगाय लागतंय आधी.

३/५ कशाचे? पाच गुणांच्या प्रश्नाचे. ४/१० कशाचे? दहा गुणांच्या. दोन वेगळ्या पोत्यांतले. आणि १५ कुठून आले? दोन्ही पोती एकात ओतली. दुकानवालीच्या शब्दांत : "इथं पोतंच वाढलं. भाकरीत भाकर तीच ऱ्हाती."

"मग दोन्हीला सारखीच रेघ कशाला मारता?" हा गाइडवालीचा प्रश्न. या गुणांच्या वादात ती पहिल्यांदाच बोलली. बरोबरच आहे तिचं. आजपासून वहीवर गुण 'पाचपैकी तीन' असे लिहायचं ठरवलं. मुख्याध्यापक म्हणाले, गुणपत्रकाच्या रकान्यात मावणार नाही. तिथे रेघच ठेवू, वहीवर नको.

३ जानेवारी २०२४, बुधवार

सावित्रीबाईंची जयंती. नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे दरवर्षी उत्साह जास्त. सहा भाषणं. सहाही 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो' पासून सुरू. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली हे सगळ्यांनी सांगितलं. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण का टाकत होते असं मी एकीला विचारलं, तर तिने भाषण पहिल्यापासून सुरू केलं. हा प्रकल्प वेगळा आहे, पण लिहून ठेवते.

१२ जानेवारी, शुक्रवार

सोमवारी संक्रांत, म्हणून आज शाळेत तिळगूळ. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं प्रमाण : अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, पाव किलो शेंगदाणे. चौथीही धरून दीडपट करायचं. तीळ पाऊण, गूळ पाऊण, हे लगेच. शेंगदाणे?

"दीड पाव," दुकानवाली.

"तीन अष्टमांश," गाइडवाली, तिरकं काहीतरी करून.

दोघीही अडून बसल्या. मावशी कढईपाशी थांबल्या. मग गाइडवालीनेच वहीच्या मागे पट्टी काढली : पाव म्हणजे आठव्यातले दोन, निम्मा पाव म्हणजे एक. तीन. तिने मान वर करून दुकानवालीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझं पण बरोबर आहे." 'पण' वर जोर होता. चालेल.

गूळ जरा जास्त तापला. वड्या दगडासारख्या झाल्या. त्यात अपूर्णांकांचा दोष नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

तीनेक आठवडे नोंद नाही. २३ जानेवारीपासून राज्यभर मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण, प्रगणक आम्हीच. मोबाइल घेऊन वस्त्या फिरलो. वर्ग मुख्याध्यापक एकट्याने पाचही इयत्तांचा सांभाळत होते. गणित म्हणजे पाढे म्हणा.

आल्यावर पाहिलं तर दोघं पुन्हा २/७ वर. फार दुखलं. पण त्यांना पट्टी काढ म्हटल्यावर पाच मिनिटांत स्वतःच परतले. दिवाळीआधी परतायला वाट नव्हती, नियम विसरला की संपलं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

गाइडवालीचे वडील आले. १८ तारखेला शिष्यवृत्ती परीक्षा. त्यांचं म्हणणं सरळ होतं : "बाई, पेपर दीड तासाचा, प्रश्न पंच्याहत्तर. तिथं पोरगी पट्ट्या कापत बसणार का?"

गणित केलं. ९० मिनिटं, ७५ प्रश्न, एकाला ७२ सेकंद. त्यांचं चूक नाही. मी त्यांना पट्ट्यांची महती सांगितली असती तर ती खोटी पडली असती. तिरकस गुणाकार बंद केलेला नाही, हे सांगितलं. फक्त त्याआधी तिने उत्तर अर्ध्याहून मोठं की लहान, एकाच्या अलीकडे की पलीकडे, एवढं बोलायचं आणि मग हात चालवायचा. चार पर्यायांतले दोन तिथेच गळतात. वडिलांना समोर बसवून तिला एक प्रश्न दिला : ५/६ + ३/८. ती म्हणाली, "पाच सहावे म्हणजे जवळजवळ एक. तीन आठवे म्हणजे अर्ध्याला थोडं कमी. एकाहून जास्त, दीडहून कमी." मग सोडवलं, २९/२४. वडील म्हणाले, "बरं." आणि गेले. ते पटलं म्हणून गेले की उसाची टोळी वाट पाहत होती म्हणून, ते कळलं नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

नोव्हेंबरचे प्रश्न, आकडे बदलून, पुन्हा. दहा मुलं.

१/४ + १/५ : आठ जणांचं ९/२०. एकाने २/९ लिहून खोडलं, मग ९/२० लिहिलं, ते आठांत धरलंय. दोघांचं चुकलं, पण ती बेरजेची चूक आहे, जातीची नाही. वीस चौकटी दोघांनीही घेतल्या होत्या.

पाऊण कुठे उभं राहायचं? नऊ जण शून्य आणि एकच्या मध्ये, एकाच्या जवळ. दहावी पाऊण मीटर मोजायला पट्टी मागत होती.

१४/१५ + ८/९ अंदाजे किती? दहाही जणांनी २. एकाने कंसात लिहिलं होतं, 'दोनला जरा कमी'.

भागाकारात मात्र फरक पडलेला नाही. तिथे अजून 'वरून खाली घे' एवढंच आहे, काय खाली घेतो ते माहीत नाही. यावर्षी त्याला हात लावता येणार नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मापं परत करायला खिडकीजवळच्याच्या घरी गेले. ज्वारी काढायचे दिवस, आबा ओट्यावर. नातवाला पाहून त्यांनी परीक्षा घेतली.

"एकरी पावणेदोन शेर बी. दीड एकराला किती?"

पोराने वही मागितली. आबा म्हणाले, वही न्हाई. तो आभाळाकडे बघत बोलायला लागला. "एका एकराचं पावणेदोन. अर्ध्या एकराचं त्याच्या निम्मं. दोनाचं निम्मं एक, पण पाव कमी हाय, पावाचं निम्मं आठवा. म्हंजी एकाला आठवा कमी." थांबला. "पावणेदोन न् एक पावणेतीन. त्यातनं आठवा काढायचा. पावणेतीन शेराला आठवा कमी."

"चूक," आबा म्हणाले. "दिडकीत अडीच न् वर आठवा येतंय."

"न्हाई आबा. पावणेतीनला आठवा कमी."

दोघंही हटेनात. मी बोलणार होते, तेवढ्यात पोराने पिशवीतून शेर आणि मापटं काढलं, खळ्यावरची ज्वारी पुढे ओढली आणि कोळवं हातात घेतलं. आधी आबांचं मापायचं ठरलं. दोन शेर, एक मापटं, एक कोळवं. चौथं माप भरल्यावर आबा म्हणाले, "शीग काढ."